माझी बाजू खरी आहे, तरी हिशेब मीच द्यायचा का?

वाचकाचं पत्र

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सरळ दोन तट पडले आहेत. सुरुवात राजकारणावरून झाली, आता उपासनेला कोण कुठल्या बाकावर बसतो इथपर्यंत मजल गेली आहे. मी संडे स्कूलमध्ये शिकवतो. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या गटातल्या एका वयस्कर गृहस्थांबद्दलचा मेसेज मी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढे पाठवला. आपल्या विश्वासाविरुद्ध ते काहीतरी बोलले, असा त्याचा मजकूर होता. दुसऱ्याच दिवशी कळलं की ते वाक्य त्यांचं नव्हतंच. मी मेसेज डिलीट केला आणि कुणाला काही बोललो नाही. तेव्हापासून ते प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-प्याल्याच्या विधीला, येत नाहीत. मी मात्र घेतो. तुम्ही म्हणाल, माफी मागा. पण समोरचे लोक याच्या दसपट खोटं रोज पसरवतात, त्यांना कोण जाब विचारतो? आमच्या गटातलेही काही जण हद्द सोडून बोलतात, पण त्यांना टोकलं तर मीच फितूर ठरेन. आमची बाजू बरोबर आहे याबद्दल मला शंका नाही. मग देव माझ्याकडे या एका मेसेजचा हिशेब मागेल का? मी यापुढे गप्प बसावं, की मंडळीच बदलावी?

उत्तर

प्रिय बंधू,

प्रभूच्या नावात सलाम.

हो, मागेल. पत्रात तुम्ही बरंच काही विचारलंय, पण या मुख्य प्रश्नाचं उत्तर शेवटापर्यंत लांबवण्यात अर्थ नाही. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की माणसं जो व्यर्थ शब्द बोलतील त्याचाही हिशेब त्यांना न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल. तिथं नुसत्या व्यर्थ शब्दाची गोष्ट आहे. तुम्ही पाठवलेला शब्द एका माणसाच्या तोंडी घातलेला खोटा शब्द होता. तो तुम्ही रचला नव्हता, तुमच्याकडे तयार आला होता, हे मला मान्य आहे. पण खोटी अफवा पसरवू नको, असं निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितलंय आणि ही आज्ञा अफवा रचणाऱ्याइतकीच ती पुढे नेणाऱ्यालाही लागू आहे. त्याच ठिकाणी, लगेच पुढच्या वचनात, पुष्कळ लोक वाईट करायला निघाले तरी त्यांच्या मागे जाऊ नको, असंही आहे. ही दोन वचनं शेजारीशेजारी आहेत, याचा ग्रुपवर काहीही पाठवण्याआधी आपण सगळ्यांनी विचार करायला हवा.

आता समोरच्यांच्या दसपट खोटेपणाबद्दल. तो खरा असेलही. त्यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. तुम्ही आदामाचं उत्तर मात्र पुन्हा एकदा वाचा. बागेत देवाने त्याला विचारलं, ज्या झाडाचं फळ खाऊ नको म्हणून मी सांगितलं होतं त्याचं तू खाल्लंस का? आदाम म्हणाला, तू मला दिलेल्या स्त्रीने मला ते दिलं आणि मी खाल्लं. यात खोटं काहीच नव्हतं. हव्वेने फळ दिलं होतं, आणि हव्वेला त्याच्याकडे देवानेच आणलं होतं. तरीही त्या उत्तराने आदाम सुटला नाही. देवाने हव्वेला वेगळं विचारलं आणि जे काही सांगायचं ते प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. तुमचं वाक्यही असंच आहे. ‘ते याहून वाईट करतात’ हे खरं असू शकतं, पण तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होत नाही.

येशूचा शिष्य पेत्र याचंही असंच झालं होतं. योहानाच्या शेवटच्या अध्यायात, पेत्राने आधी प्रभूला नाकारलं असूनही, प्रभूने त्याला उचलून पुन्हा मेंढरं सोपवली, त्याचं मरण कसं असेल हेही सुचवलं. इतकं गंभीर बोलणं चाललेलं असताना पेत्राने वळून मागे पाहिलं. मागून दुसरा शिष्य येत होता. पेत्र म्हणाला, प्रभू, आणि याचं काय? येशूने उत्तर दिलं, त्याचं तुला काय, तू माझ्यामागे ये. त्या शिष्याला हिशेब नाही असं प्रभू म्हणाला नाही. त्याचा हिशेब पेत्राच्या हातात नाही, एवढंच त्यानं स्पष्ट केलं. मला वाटतं, फुटीच्या काळात विश्वासी माणसावर येणारा सर्वांत मोठा मोह द्वेषाचा नसतो, तर पेत्रासारखं मागे वळून पाहण्याचा असतो. प्रभू आपल्याशी आपल्याबद्दल बोलायला लागला की लगेच आपल्याला समोरच्या गटाची आठवण होते.

‘पण आमची बाजू बरोबर आहे.’ पत्रात तुम्ही सर्वांत ठामपणे लिहिलेलं हेच आहे, म्हणून इथं जरा थांबते.

आपापल्यासंबंधी प्रत्येक जण देवाला हिशेब देईल, हे वचन रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायातलं. आपण ते मृत्यूच्या किंवा न्यायाच्या उपदेशात ऐकतो, पण प्रेषित पौलाने ते लिहिलं दोन तट पडलेल्या मंडळीला. कुणी सगळं खात होते, कुणी फक्त शाकभाजी. कुणी एखादा दिवस विशेष मानत होते, कुणाला सगळे दिवस सारखे. खाणारे न खाणाऱ्यांना तुच्छ लेखत होते, न खाणारे खाणाऱ्यांना दोषी ठरवत होते. आणि या वादात पौल तटस्थ नव्हता. कोणताही पदार्थ मुळात अशुद्ध नाही अशी माझी खात्री आहे, असं तो त्याच अध्यायात साफ सांगतो. म्हणजे त्याच्या लेखी एक बाजू बरोबर होती. तरी त्यानं त्या बाजूला विजयाचं प्रमाणपत्र दिलं नाही. उलट ज्यांचं म्हणणं बरोबर होतं त्यांनाच त्याने जास्त खडसावलं: ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला त्या भावाचा तू आपल्या अन्नासाठी नाश करू नको.

हे नीट पाहा. बरोबर असणं म्हणजे हिशेबातून सूट, असं पौल कुठेही म्हणत नाही. तुमचं राजकीय मत बरोबर असेलही. देशात न्याय कशाने येईल याचा तुम्ही प्रार्थनापूर्वक विचार केला असेल, तर त्या मतावर तुम्ही कायम राहावं असंच मी म्हणेन. पण ज्या गृहस्थांच्या तोंडी खोटं वाक्य गेलं, त्यांच्यासाठीही ख्रिस्त मेला आहे, आणि आज ते प्रभूच्या मेजापासून दूर आहेत. त्या रिकाम्या जागेचा हिशेब तुमच्या मताच्या खऱ्याखोटेपणावर अवलंबून नाही.

इतिहासातलं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. मार्टिन नीमोलर हे जर्मन पाळक. हिटलरने चर्चमध्ये हात घातला तेव्हा त्यांनी उघड विरोध केला आणि १९३७ साली त्यांना अटक झाली. पुढे साक्सेनहाउसेन आणि डाखाऊच्या छळछावण्यांत ते १९४५ पर्यंत कैदेत होते. ‘मी काय करायला हवं होतं?’ असं विचारण्याचा अधिकार कुणाला असेल तर अशाच माणसाला. पण सुटकेनंतर ते पत्नीसह डाखाऊला गेले आणि तिथल्या शवदाहगृहाजवळच्या फलकावर त्यांना १९३३ ते १९४५ ही सालं दिसली. नंतरच्या भाषणांत त्यांनी ही गोष्ट स्वतः सांगितली. १९३७ नंतरच्या वर्षांबद्दल त्यांच्याकडे सबळ उत्तर होतं, कारण ते कैदेत होते. पण १९३३ ते १९३७ या काळात तू कुठे होतास, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. सुरुवातीला ते स्वतः हिटलरच्या उदयाला अनुकूल होते. आणि तो प्रश्न त्यांना बागेतल्या त्या हाकेसारखा ऐकू आला: आदामा, तू कोठे आहेस?

१९४५ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या पुढाऱ्यांनी श्टुटगार्ट इथं आपल्या दोषाची कबुली देणारं निवेदन काढलं. त्यावर सही करणाऱ्यांत नीमोलरही होते. आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक विश्वासूपणे प्रार्थना केली नाही, अधिक आनंदाने विश्वास ठेवला नाही, अधिक उत्कटतेने प्रीती केली नाही, असा दोष त्यांनी स्वतःवर ठेवला. जर्मनीत त्यावर गदारोळ उठला. आमच्या शहरांवर बॉम्ब टाकले त्यांचं काय? पूर्वेकडून आमच्या लोकांना हाकलून दिलं त्याचं काय? लोकांचं ते दुःख खोटं नव्हतं, पण कबुलीवर येणारं उत्तर तेच होतं, जे आदामाने आणि पेत्राने दिलं. त्या निवेदनात ज्यूंच्या संहाराचा नावानिशी उल्लेखही नव्हता, म्हणजे कबुली देणाऱ्यांचीही कबुली अपुरीच राहिली. तरी कुठून सुरुवात करायची हे त्यांना समजलं होतं. छळछावणीतून परतलेल्या नीमोलरांसह त्यांनी ‘आम्ही’ असं म्हणून सुरुवात केली.

आता तुमच्या गटातल्या हद्द सोडणाऱ्यांकडे वळते. त्यांना टोकलं तर फितूर ठरेन ही तुमची भीती खोटी नाही, तसं होतंही. पण देवाने दावीद राजाकडे कुणाला पाठवलं ते पाहा. उरीयाला मारवून त्याची बायको आपल्या घरात आणली तेव्हा दावीदाला सुनवायला पलिष्ट्यांचा सरदार आला नाही, त्याच्याच दरबारात वावरणारा नाथान आला. नाथान दावीदाचा शत्रू नव्हता. पुढे शलमोनाच्या अभिषेकाच्या वेळी तोच दावीदाच्या घराण्याच्या पाठीशी उभा राहिला. त्याने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, दावीद त्या श्रीमंतावर संतापला, आणि नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. दावीदाचा संताप न्याय्यच होता, फक्त तो दुसऱ्याच्या पापावर होता. अंत्युखियातही असंच घडलं. पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून हळूच बाजूला झाला तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांच्या देखत अडवलं. दोघे एकाच सुवार्तेचे सेवक होते, म्हणूनच त्या शब्दाला वजन होतं.

समोरच्या गटाच्या चुका दाखवणारे तुमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यात तुमची भर पडली नाही तरी चालेल. तुमच्या गटातल्या एखाद्याने उद्या पुन्हा कुणाची जात, कपडे किंवा घर काढून टिंगल केली, तर ते थांबवायचं काम मात्र तुमच्याशिवाय कुणी करणार नाही, कारण बाहेरच्याचं ते ऐकणार नाहीत. ग्रुपवर भांडू नका. एकट्याला गाठा आणि सांगा, आपलं म्हणणं खरं असेल तर त्याला अशा शब्दांची गरज नाही. फितूर म्हणाले तर म्हणू द्या.

म्हणून ‘गप्प बसावं का’ याला माझं उत्तर नाही असंच आहे. गप्प राहण्याचाही हिशेब असतो. यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायातल्या पहारेकऱ्याने तलवार येताना पाहिली आणि शिंग फुंकलं नाही, तर रक्ताचा झाडा त्याच्याकडून घेतला जातो. येशूही सत्ताधीशांबद्दल मुका नव्हता. लूकच्या तेराव्या अध्यायात काही जण त्याच्याकडे बातमी घेऊन येतात: पिलाताने गालीलकरांचं रक्त त्यांच्याच यज्ञांत मिसळलं. ती भयंकर बातमी होती, आणि ती आणणाऱ्यांना प्रभूने रोमी सत्तेविरुद्ध काहीतरी बोलावं असं वाटत असणार. येशूने पिलाताची बाजू घेतली नाही. पण त्याने त्या लोकांना सांगितलं, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. आणि त्याच अध्यायात, हेरोद तुला मारायला पाहतोय असं कळल्यावर, त्याने हेरोदाला कोल्हा म्हटलं. सत्तेबद्दल स्पष्ट बोलणं आणि ऐकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवणं, ही दोन्ही कामं त्याने केली. आपल्या तटांमध्ये पहिलं काम जोरात चालतं आणि दुसरं कुणालाच नको असतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते, कारण वचनं ऐकून मन हळवं झालं आणि काहीच केलं नाही, असं होऊ नये.

डोंगरावरील प्रवचनात येशू म्हणतो, तू आपलं दान वेदीजवळ आणत असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं तुला आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं त्यात नाही. तुमच्या मनात त्या गृहस्थांबद्दल राग आहे की नाही, हा इथं मुद्दाच नाही. त्यांच्या मनात तुमच्याविरुद्ध काहीतरी आहे आणि त्याला कारण आहे. प्रभुभोजनाबद्दलही पौलाने करिंथकरांना हेच सांगितलं: माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, त्या प्याल्यातून प्यावं. ते गृहस्थ दूर राहताहेत आणि तुम्ही घेताय, ही गोष्ट तुम्ही स्वतः पत्रात लिहिलीत. कुणी विचारली नव्हती. ती तुम्हाला आतून टोचत आहे, आणि ते टोचणं मला पवित्र आत्म्याचं काम वाटतं.

त्यांच्या घरी जा, किंवा फोन करून वेळ मागा. मेसेज करू नका. भेटल्यावर थोडक्यात बोला: “मी तुमच्याबद्दल एक खोटा मेसेज ग्रुपवर पाठवला. तो तुम्ही बोलला नव्हतात हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं, तरी मी कुणाला सांगितलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा.” इथंच थांबा. याच्या पुढे ‘पण’ आला की माफी संपली. ‘पण तुमचे लोकही’ हे वाक्य तुमच्या ओठांवर येईल, ते तिथंच गिळा. ते रागावले तर ऐकून घ्या. इतके महिने त्यांनी ते मनात बाळगलंय.

मग त्यांना विचारा, हे मी ग्रुपवर सांगू का, आणि तुमचं नाव घेऊ की नको? ते म्हणतील तसं करा. जिथं खोटं गेलं तिथंच खरं जायला हवं. तुम्ही मेसेज डिलीट केलात, पण ज्यांनी तो वाचला त्यांच्या मनातून तो गेलेला नाही. काहींनी तर तो आणखी कुठे पाठवला असेल. जक्कयाने लोकांना लुबाडल्याची भरपाई चौपट करण्याचं बोलून दाखवलं, तेही उभं राहून, सगळ्यांच्या देखत. तुम्हाला चौपट काही द्यायचं नाही, फक्त चार ओळी लिहायच्या आहेत: अमुक दिवशी मी पाठवलेला मजकूर खोटा होता, तो त्यांनी बोललेला नव्हता, मी खात्री न करता पाठवला आणि नंतर लपवलं, त्याबद्दल त्यांची आणि मंडळीची क्षमा मागतो. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ अशी पळवाट त्यात नको. तुमच्या गटातल्या कुणाला हे आवडणार नाही, आपली बाजू उघडी पडली असंही म्हणतील. म्हणू द्या. खोट्याच्या आधारावर उभी असलेली बाजू प्रभूला नको आहे.

तुम्ही मुलांना शिकवता, म्हणून याकोबाचं एक वचनही सांगते. तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नका, कारण आपला अधिक कडक न्याय होईल हे तुम्हाला ठाऊक आहे, असं तो लिहितो आणि लगेच जिभेबद्दल बोलायला लागतो: याच जिभेने आपण देवाची स्तुती करतो आणि याच जिभेने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसांना शाप देतो. मंडळीतले दोन तट मुलांना दिसत नाहीत असं समजू नका. कोणते काका कुणाशी बोलत नाहीत हे त्यांना आपल्याआधी कळतं. चूक झाल्यावर मोठी माणसं काय करतात हे त्यांनी तुमच्यात पाहिलं, तर ते त्यांच्या लक्षात राहील.

त्यांनी माफ केलं नाही तर? तेही होऊ शकतं. शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांबरोबर शांतीने राहा, असं पौल रोमकरांना लिहितो. ‘तुमच्याकडून होईल तितकं’ यात तुमच्या वाट्याचं सगळं येतं आणि त्यांच्या वाट्याचं काहीच येत नाही. त्यांना क्षमा करायला वेळ लागला तर त्यांच्यावर चिडू नका, त्यांच्यासाठी प्रार्थना करत राहा, नाव घेऊन, रोज. ज्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करतो त्याच्याबद्दल वाईट पुढे पाठवायला हात सहसा धजत नाही.

राहिली मंडळी बदलण्याची गोष्ट. येशूच्या बारा शिष्यांत जकातनाक्यावर बसणारा मत्तय होता, लोकांच्या नजरेत परक्या सत्तेसाठी पैसे गोळा करणारा, आणि जिलोत, म्हणजे त्याच परक्या सत्तेचा कट्टर विरोधक, म्हणवला जाणारा शिमोनही होता. दोघांची मतं जुळली होती असं शुभवर्तमानांत कुठे लिहिलेलं नाही. दोघांना बोलावणारा एकच होता, एवढं मात्र लिहिलेलं आहे. प्रत्येक मंडळी कधीच सोडू नये, असं मी म्हणत नाही. जिथं खोटी सुवार्ता सांगितली जाते किंवा दुर्बळांवर अन्याय करून तो झाकला जातो, तिथून निघावं लागतं. पण तुमचं कारण ते नाही. आज तुम्ही निघालात, तर ज्या माणसासमोर उभं राहायला अवघड वाटतं त्याच्यापासून दूर जाण्यासाठी निघाल, आणि नव्या मंडळीतही हाच मेसेज मनात घेऊन जाल.

आधी त्या गृहस्थांना भेटा, ग्रुपवर लिहा, आणि मग प्रभुभोजन घ्या. त्यानंतरही मंडळी सोडावीशी वाटली, तर मला लिहिण्याआधी तुमच्या पाळकसाहेबांकडे जा आणि या मेसेजची हकीकत त्यांना पहिल्यापासून सांगा.